उतारावरचा विश्वास

वाशीमच्या पठारावर पडणाऱ्या पावसाच्या वाटेत दोन समुद्र आहेत. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी काटेपूर्णेला मिळतं, महानच्या धरणात थांबून अकोला शहराची तहान भागवतं आणि उरलेलं पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला जातं. दुसऱ्या अंगाला पडलेलं पाणी अडाण आणि अरुणावती घेऊन जातात, ते पैनगंगेत, मग वर्धेत, प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीसोबत बंगालच्या उपसागरात जातं. हा जिल्हा पाण्याच्या माथ्यावर बसलेला आहे. माथ्यावरच्या माणसाला बाहेरून पाणी घेऊन येणारी मोठी नदी नसते. डोक्यावर पडेल तेवढंच त्याचं, आणि तेही त्यानं थांबवलं तर.

मंगरूळपीर तालुका याच पठारावर आहे. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, सखल भागात काळी माती आणि टेकड्यांवर हलकी, बरड जमीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून आत जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहू लागतं. पाषाणाच्या पोटात पाणी धरायला जागा थोडी. जे काही साठतं ते झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या सांध्या-फटींत. म्हणून या भागातली विहीर दिवाळीला भरलेली दिसते आणि होळीला तळ दाखवते. पाणी मुरवायची खरी जागा टेकडीचा उतार आहे, कारण तिथे मुरूम उघडा आहे. ‘माथा ते पायथा’ असं पाणलोटाची कामं करणारे म्हणतात, त्याचं कारण हे आहे. वर अडवलं नाही, तर खाली बांधलेला बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो.

आता थोडा हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला, तर हेक्टरी ८० लाख लिटर. पाचशे हेक्टर शिवाराच्या गावावर ४०० कोटी लिटर पडतं. त्या गावात दीड हजार माणसं असतील आणि प्रत्येकाला दिवसाला ५५ लिटर द्यायचं ठरवलं, तर वर्षाची गरज तीन कोटी लिटरच्या आसपास. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तरीही एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर गुंड घेऊन फिरतात आणि टँकरच्या मागे प्लास्टिकच्या ड्रमांची रांग लागते.

हा हिशेब कोणत्याही गावात पाच मिनिटांत सांगून होतो. ऐकणारा मानही डोलावतो. पण मान डोलावणं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टिकाव घेऊन टेकडीवर जाणं यांत फार अंतर आहे. हे प्रकरण त्या अंतराबद्दल आहे.

गावाच्या अविश्वासाला आपण शहरातून फार लवकर आळस म्हणतो. मला तो अन्याय वाटतो. ज्या माणसानं आपल्या डोळ्यांदेखत नालाबांध होताना पाहिला, त्यावरची पाटी रंगवलेली पाहिली आणि तिसऱ्या वर्षी त्यात गाळ आणि बेशरमाची झुडपं पाहिली, त्याचा अविश्वास अनुभवातून आलेला असतो. “सरकार करते ना, आपण काऊन खोदाव?” या वऱ्हाडी प्रश्नात नुसतं अंग चोरणं नाही. आजवर झालं ते आपल्याला न विचारता झालं, ही तक्रार त्यात आहे. त्यात कोरडवाहू शेतीचा जुगार. सोयाबीन पेरायचं, तुरीची ओळ धरायची आणि आभाळाकडे पाहायचं. जे पिकेल ते बाजाराच्या भावानं विकायचं. पाऊस हातात नाही, भावही हातात नाही. अशा जगण्यात आपल्या करण्यानं काही बदलतं ही भावनाच हळूहळू मरते. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते आणि वाशीम त्यांतला एक. शिक्षण, आरोग्य, शेती यांचे आकडे त्या यादीमागे होते. हे मरत गेलेलं बळ मात्र कोणत्या रकान्यात बसत नाही.

त्याच सुमारास या तालुक्यात पाणी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांनी श्रमदानानं पाणी अडवण्याची स्पर्धा आली. आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ मध्ये ही संस्था उभी केली. सत्यजित भटकळ तिचं काम पाहत होते आणि साताऱ्याकडे गावागावांत पाण्यासाठी खपलेले डॉ. अविनाश पोळ सोबत होते. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके. २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांतली चार हजारांवर गावं उतरली, त्यांत वाशीम जिल्ह्यातले कारंजा आणि मंगरूळपीर होते. मुदत ८ एप्रिल ते २२ मे. विदर्भात हे ४५ दिवस कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४३-४४ अंशांवर, सकाळी नऊनंतर फावड्याचा दांडाही हाताला चटका देतो. काम पहाटे किंवा रात्रीच. पैसा नाही, मजुरी नाही. संस्थेनं दिलं ते चार दिवसांचं प्रशिक्षण. तिथे शिकवणारे बहुतेक शेतकरीच होते, आधीच्या वर्षी स्वतःच्या गावात खोदलेले.

त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तिला ए-फ्रेम म्हणतात. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, आणि वरच्या टोकाला दोरा बांधून त्याला खाली दगड लटकवायचा. झालं यंत्र. पण आधी ते लावून घ्यावं लागतं. जमिनीवर दोन खुणा करून दोन्ही पाय त्यांवर ठेवायचे, दोरा आडव्या काठीला जिथे टेकतो तिथे खूण करायची. मग फ्रेम उलटी फिरवायची, उजवा पाय डाव्या खुणेवर, डावा उजव्या खुणेवर, आणि पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरा या मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. आता टेकडीवर जायचं. एक पाय रोवायचा, दुसरा उताराच्या कडेकडेनं वर-खाली सरकवत राहायचं, दोरा मध्यावर थरथरत स्थिर झाला की तिथे चुन्याची फक्की टाकायची. मग तो पाय रोवून पहिला पुढे. असं पाऊल पाऊल करत टेकडीच्या अंगावर एक पांढरी रेघ उमटत जाते. ती समपातळी रेघ. तिच्यावर खोदलेल्या चरात पाणी कुठल्याही एका बाजूला पळत नाही, आहे तिथेच थांबतं आणि मुरतं.

नवख्या माणसाचं इथे हमखास भांडण होतं, आणि ते दोऱ्याशीच होतं. डोळ्यांना रेघ चुकीची वाटते. मागची टेकडी तिरकी असली की समपातळी रेघ चढताना दिसते, आणि वर्षानुवर्षं तोच उतार तुडवलेला शेतकरी म्हणतो, “हे उलटं चाललं बापा.” दोरा ऐकत नाही. मग कोणी तरी चरात घागरभर पाणी ओतून पाहतं. पाणी हलत नाही. माझ्या मते त्या तालुक्यातल्या बदलाची सुरुवात भाषणांपेक्षा अशा घागरींपाशी झाली. विश्वास ठेवा असं कोणी म्हणालं नाही. पडताळून पाहायची सोय होती, खर्च एका घागरीचा होता.

मानसशास्त्रात याचा चांगला अभ्यास झालेला आहे. अल्बर्ट बंडुरा या कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आपण हे करू शकतो, ही भावना माणसात येते कुठून, हा त्याचा विषय. त्यानं चार उगम सांगितले. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं, कोणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत सगळ्यात बळकट पहिला, आणि धीराच्या शब्दांचा असर त्या मानानं कच्चा. बंडुरानं सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर प्रयोग केले होते. त्यांना सापाबद्दल समजावून सांगण्यानं जे साधलं नाही, ते कोणी तरी सोबत उभं राहून, एकेक पायरी करत प्रत्यक्ष साप हाताळायला लावल्यानं साधलं. आणि भीती गेल्यावर त्यातले काही जण आयुष्यातल्या इतर गोष्टींतही धीट झाले. मंगरूळपीरच्या उतारावर यातलं जवळपास सगळं होतं. शिकवणारा शेतकरीच होता, त्याच्याही पायात फाटकी चप्पल होती, आणि टिकाव तुमच्या हातात दिलेला होता.

पण विदर्भाला हे कळायला १९७७ ची वाट पाहावी लागली नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचा क्रम आठवावा. गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर रस्ते, गटारं, उकिरडे. रात्री कीर्तन. ज्या माणसानं दिवसभर बाबांसोबत घाण उपसली, तो रात्री कीर्तनाला बसायचा तेव्हा त्याचं मन आधीच मशागत झालेलं असायचं. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान एकत्र बांधून गावोगाव नेलं, त्यातही तीच समज दिसते. आधी श्रद्धा पक्की करा आणि मग कामाला या, असं या दोघांनी कुणाला सांगितलं नाही. श्रद्धा हातांतून वर चढते, असा माझा त्यांच्या कार्यातून घेतलेला अर्थ आहे, आणि वॉटर कपच्या काळात तो पुन्हा खरा ठरला.

पहिल्या आठवड्यात टेकडीवर थोडीच माणसं असतात, हे स्पर्धेत उतरलेल्या बहुतेक गावांचं सारखं चित्र. प्रशिक्षण घेऊन आलेले, त्यांच्या घरचे, शाळेतली पोरं. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, त्यांवर चिंधी बांधून पुन्हा घमेलं. बाकीचं गाव पारावरून पाहत असतं. मग पोरं गेली म्हणून आया जातात, आया गेल्या म्हणून आज्या जातात. यात बायकांचं काय झालं ते विशेष मोलाचं आहे. प्रशिक्षणासाठी चार दिवस घराबाहेर राहायचं, अनोळखी माणसांत, परक्या गावात, हे अनेकींसाठी लग्नानंतर पहिल्यांदाच. परत आल्यावर त्यांच्याकडे गावात दुसऱ्या कोणाकडे नसलेलं ज्ञान होतं. चर किती रुंद, किती खोल, माती उताराच्या खालच्या बाजूला का टाकायची, हे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सांगायची वेळ आली आणि त्यांनी ते सांगितलं. ग्रामसभेत भिंतीला टेकून बसणारी बाई शिवारात उभी राहून “भाऊ, इथून नाही, फक्कीवरून खोदा” म्हणते, तेव्हा गावाची घडी थोडी सरकते. पाणी मुरायच्या आधी ही गोष्ट मुरलेली असते.

२०१८ च्या पंचांगानंही एक योग जुळवून आणला होता. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. १६ मे रोजी धोंड्याचा महिना सुरू झाला आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजे सुरू झाले. स्पर्धेचे शेवटचे, सगळ्यात तापलेले दिवस त्यांवरच आले. दान-पुण्याचे हे दोन महिने एकत्र येणं मंगरूळपीरला अगदी शोभणारं होतं. मंगरूळच्या नावातच पीर आहे. हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा ही या गावाची ओळख, आणि त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचं मंदिर. जवळ मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचं पोहरादेवी, तिकडे कारंज्यात नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. पंचवीस-तीस कोसांच्या आत इतकी श्रद्धास्थानं असलेल्या मुलखात श्रद्धेचा तुटवडा कधीच नव्हता. कमी होती ती शेजाऱ्यावरच्या आणि स्वतःवरच्या विश्वासाची. माझ्या चरात थांबलेलं पाणी खालच्या अंगाला दुसऱ्याच्या विहिरीत निघणार आहे, त्याची जात, धर्म, राजकीय पक्ष कोणताही असो. मुरमाला सातबारा कळत नाही. हे माहीत असून खोदत राहणं, याला मी भक्ती म्हणतो.

निसर्गानं मनाला बरं वाटतं, हे आता आपण नेहमी ऐकतो. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ मध्ये दाखवून दिलं की शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. जपानमध्ये १९८० च्या दशकापासून जंगलात निवांत फिरणं हा आरोग्याचा एक सरकारमान्य मार्ग झाला. हे सगळं खरं आहे. पण एप्रिलमधल्या मंगरूळपीरच्या टेकडीत डोळे निववणारं फारसं काही नसतं. पळसाचा बहर ओसरलेला, गवत वाळून गेलेलं, दगड तापलेला. इथला निसर्ग माणसाला वेगळ्या तऱ्हेनं घडवतो. तो उत्तर देतो, आणि त्यात भिडभाड ठेवत नाही. रेघ चुकली तर चर फुटतो. भराव नीट दाबला नाही तर वाहून जातो. काम बरोबर असेल तर त्याची पावतीही तोच देतो, पण मुदत संपल्यावर, जूनमध्ये.

ती पावती कशी असते? साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल चर असेल, तर त्याच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. पहिल्या जोरदार सरीत उतारावरून गढूळ पाणी येतं, चराच्या काठावरून आत पडतं, तळाशी पालापाचोळा फिरत राहतो. खालचा भराव ओला होत जातो. सर थांबल्यावर अख्ख्या टेकडीवर एकाखाली एक अशा तांबूस पाण्याच्या पट्ट्या दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चर रिकामे. ज्यानं पहिल्यांदाच खोदलेलं असतं त्याला हे पाहून धस्स होतं, पाणी गेलं कुठे? ते खाली गेलेलं असतं. हंगामात चर दहादा भरून रिकामा झाला तर त्या एका मीटरमधून १८०० लिटर पाणी जमिनीत उतरतं. गावानं असे हजारो मीटर खोदलेले असतात. हा हिशेब एप्रिलमध्येही सांगितलेला होता. आता सांगावा लागत नाही, रिकामा चर पाहूनच माणसं हसतात.

या कामाच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चर दोन-तीन वर्षांत गाळानं उथळ होतात, ते पुन्हा उपसावे लागतात, आणि दुसऱ्यांदा उपसायला पहिल्यासारखी गर्दी येत नाही. काही गावं उतरली आणि मध्येच थांबली. काही ठिकाणी जुनी भांडणं टेकडीवरही वर आली. यंत्रांनीही मोठा वाटा उचलला. भारतीय जैन संघटनेनं अनेक गावांना जेसीबी-पोकलेन दिले, आणि त्यांनी आठवड्यात जेवढी माती हलवली तेवढी शेकडो हातांना महिनाभर पुरली असती. तरीही श्रमदान व्यर्थ होतं असं मी म्हणणार नाही. यंत्रानं खोदलेल्या शेततळ्याकडे गाव पाहतं तेव्हा ते कुणी तरी केलेलं काम असतं. हातांनी खोदलेला चर कुठे खचला हे म्हातारीलाही पाठ असतं, कारण तिथे तिनं घमेलं उचललेलं असतं. देखभालीला शेवटी तीच म्हातारी आधी जाते.

सर्वांत अवघड भाग पाणी आल्यावर सुरू होतो. विहिरीला पाणी वाढलं की पहिली इच्छा बोअर मारायची आणि जास्त पाण्याचं पीक घ्यायची. चार हातांनी मुरवलेलं पाणी एका मोटारीनं महिन्यात उपसता येतं. भूजलाला कुंपण घालता येत नाही, म्हणून इथे पुन्हा विश्वासच लागतो, आणि तो टिकाव उचलण्यापेक्षा कठीण आहे. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामाईक कुरणं, मासेमारी आणि कालवे अभ्यासून दाखवलं की जिथे वापरणारे लोक स्वतः नियम बनवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड करतात, तिथे अशी संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पाणलोटात काम करणारी गावं असे नियम ठरवण्यासाठी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, किती मुरला, विहिरींची पातळी काय, हे फळ्यावर मांडायचं. त्यातून आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी वजा करायचं आणि उरलेल्यात रब्बी ठरवायची.

गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभऱ्याचं एक-दोन पाळ्यांत भागतं. ताळेबंदाच्या सभेत वाद होतो तो याच्यावर. ज्याची विहीर नाल्याच्या काठावर आहे त्याला गहू पेरायचा असतो, आणि तो म्हणतो, विहीर माझी आहे. मागच्या रांगेतून कोणी तरी विचारतं, विहीर तुझी, पण पाणी कोणाचं? टेकडीवर तर सगळेच होते. मग आवाज चढतात, कोणी उठून जातं, सरपंच फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचून दाखवतात. बायका या सभेत आता भिंतीला टेकून नसतात, कारण मार्चमध्ये टँकर आला तर त्यांनाच उभं राहावं लागणार आहे. एखाद्या वर्षी गहूवाला ऐकतो आणि अर्ध्या रानात हरभरा टाकतो. एखाद्या वर्षी ऐकत नाही, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये तोच विषय पुन्हा फळ्यावर येतो.